पारदर्शक रेषेचा पेच : ग्रोसचे ‘फ्रीडरिखश्ट्रासे’

गर्दीचे चित्रण करणाऱ्या कोणत्याही कलाकृतीबाबत एक प्रश्न टाळता येत नाही : गर्दीकडे पाहणारा स्वतः कोठे उभा आहे? जॉर्ज ग्रोस (१८९३–१९५९) या जर्मन चित्रकाराच्या ‘फ्रीडरिखश्ट्रासे’ (१९१८) या शाईच्या रेखाटनात तो कळीचा ठरतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षातील बर्लिनचा हा गजबजलेला रस्ता पुढे १९२३ मध्ये मालिक प्रकाशनाच्या ‘एक्के होमो’ या चित्रसंग्रहात समाविष्ट झाला.

या रेखाटनातील रेषा बारीक, टोकदार आणि छायेचा आधार नाकारणारी आहे. वास्तववादी चित्रात जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते. येथे मागच्या आकृतीची रेषा पुढच्या देहातून आरपार जाते. त्यामुळे गर्दीला खोली उरत नाही. देह एकमेकांत शिरतात. त्यांच्यात नाते मात्र निर्माण होत नाही. महानगरीय माणूस संवेदनांच्या भडिमारापासून स्वतःला वाचवण्यासाठी अलिप्तता धारण करतो, असे विवेचन गेओर्ग झिमेल या समाजचिंतकाने १९०३ मध्ये केले होते. त्याचा जन्मही याच रस्त्याच्या एका कोपऱ्यावरचा. शारीरिक निकटता आणि मानसिक दुरावा यांचे हे द्वंद्व ग्रोसच्या रेषेत दृश्यरूप घेते.

मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे पाहिल्यास येथे विरोधाचे प्राबल्य आणि समतोलाचा हेतुतः केलेला अव्हेर जाणवतो. परंतु एवढ्याने या रेषेचा उलगडा होत नाही. सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवरील चित्रे आणि लहान मुलांची रेखाटने आपण अभ्यासली, असे ग्रोसने स्वतःच नोंदवले आहे. ही रेषा म्हणजे रस्त्याचीच ओबडधोबड बोली आहे. लौकिक अर्थ तिच्यात बाहेरून भरलेला नाही. तो तिच्या घडणीतच आहे. रूपाला आशयापासून वेगळे काढणारी समीक्षा म्हणूनच येथे अपुरी पडते.

पेच याच्या पुढे आहे. ही पारदर्शकता सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. स्त्रियांची वस्त्रे विरघळतात. पुरुषांचे कोट, टोप्या आणि कॉलर बहुतांशी शाबूत राहतात. देहाचा बाजार मांडणाऱ्या नजरेवर प्रहार करणारी रेषा तीच नजर उसनी घेते. ‘एक्के होमो’वर अश्लीलतेचा खटला झाला, दंडही झाला. न्यायालयाने नग्नता मोजली. कोणाला नग्न केले गेले आणि कोणाला अभय मिळाले, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. समीक्षेला तो टाळता येत नाही.

ग्रोस प्रेक्षकालाच त्या नजरेत गोवून दोषी ठरवतो, असा बचाव करता येईल. त्यात तथ्य आहे. मात्र प्रेक्षकाला दोषी ठरवणारा हात त्या दोषातून आपोआप मुक्त होत नाही. उपरोधकार गर्दीबाहेर उभा असतो, हा समज हे रेखाटन मोडून काढते. चित्रकाराचा हेतू तसा असो वा नसो, त्याची रेषा त्याला गर्दीतच उभे करते. या कृतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्या एकाच रेषेची देणगी आहे.