सोवळ्यातली पाकिटं

माझी आजी पत्र हातात घ्यायच्या आधी त्याचा कोपरा बघायची. कोपरा फाडलेला असला तर ते पोस्टकार्ड उंबऱ्याच्या आत येत नसे. अंगणातच कुणीतरी वाचायचं, फाडून टाकायचं आणि थेट न्हाणीघराकडे वळायचं. कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागलेली असली तर मात्र पोस्टमनला चहा ठरलेला. आजीला अक्षरओळख नव्हती, तरी निम्मं टपाल ती न उघडता वाचत असे.

तिची आठवण गेल्या हिवाळ्यात आली, फिनलंडच्या माझ्या पत्रमैत्रिणीचं पाकीट आलं तेव्हा. चहात बुडवून वाळवलेला कागद, त्यावर जलरंगात दोन बगळे, पाठीमागे लाखेची मोहर, कडेने जपानी कागदी टेपची नाजूक किनार. इतकं देखणं पाकीट माझ्याकडे वर्षभरात आलं नव्हतं. पण ते सबंध पाकीट एका पारदर्शक पिशवीत बंद होतं. तिकिटं पिशवीवर, शिक्का पिशवीवर, पत्ताही पिशवीवरच. फिनलंड ते पुणे एवढा प्रवास करून बगळे जसेच्या तसे कोरडे आले. पोस्टाचं बोटसुद्धा त्यांना लागलं नव्हतं. पाकीट सोवळ्यात आलं होतं म्हणा ना.

हाताने सजवलेली पाकिटं एकमेकांना पाठवणं, म्हणजे जगभर ज्याला ‘मेल आर्ट’ म्हणतात ती कला, आज कुठे उभी आहे असं कुणी विचारलं तर मी ही पिशवी पुढे करीन. कारागिरी इतकी चांगली पूर्वी कधी नव्हती. आणि टपालाशी तिचा संबंध इतका पातळही कधी नव्हता.

मुळात ही कला ओवळ्यातच जन्मली. 1840 च्या मे महिन्यात ब्रिटिश टपालखात्याने एका पेनीच्या तिकिटाबरोबर विल्यम मलरेडी या चित्रकाराने काढलेलं सरकारी सचित्र पाकीट विकायला काढलं. मधोमध ब्रिटानिया, आजूबाजूला तिचे दूत, हत्ती, उंट, सगळा साम्राज्याचा थाट. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. दुकानांतून त्याची विडंबनं विकली जाऊ लागली आणि खात्याला ते पाकीट मागे घ्यावं लागलं. सजवलेल्या पाकिटांच्या इतिहासातला पहिला आनंद असा टवाळीचा होता, आणि तो वात्रटपणा पुढे बराच काळ टिकला. फ्रेंच कवी मालार्मे पाकिटावर पत्त्याऐवजी चार ओळींची यमकबद्ध कविता लिहायचा, पत्ता त्या कवितेतच गुंफलेला. पॅरिसचे पोस्टमन तो शोधून काढायचे. लंडनच्या रेजिनाल्ड ब्रे याने टपालाच्या नियमांचं पुस्तक बारकाईने वाचलं आणि मग सलगमावर पत्ता कोरून ते पोस्टात टाकलं, कुत्रा पाठवला, 1900 साली तर स्वतःलाच टपालाने घरी पाठवून घेतलं. या सगळ्या खेळात पोस्टमन हा भिडू होता. तो नसता तर गंमतच उरली नसती.

आधुनिक मेल आर्टचा मूळपुरुष अमेरिकन चित्रकार रे जॉन्सन मानला जातो. सशाचं मुंडकं काढायचं, खाली सूचना लिहायची की यात भर घाला आणि परत पाठवा, किंवा अमक्याकडे धाडा. त्याच्या या पत्रव्यवहाराला 1962 मध्ये ‘न्यूयॉर्क कॉरस्पॉन्डन्स स्कूल’ हे थट्टेचं नाव मिळालं. जॉन्सनने त्या शब्दातलं एक अक्षर बदलून शेवटी ‘डान्स’ घुसवला. 1970 मध्ये व्हिटनी म्युझियमने या पत्रांचं प्रदर्शन भरवलं. पण त्यातलं एकेक चित्र सुटं काढून भिंतीवर लावलं तर फारसं हाताला लागत नाही. त्याची मजा एका हातून दुसऱ्या हाती जाताना काय झालं यात आहे. कुणाची भर पडली, कुणी गिळंकृत केलं, कुठलं पाकीट सहा महिन्यांनी भलत्याच गावाहून उगवलं! मूळचा जपानी ऑन कावारा हा न्यूयॉर्कचा चित्रकार तर 1968 पासून अकरा वर्षं रोज दोन साधी पिक्चर पोस्टकार्डं पाठवत राहिला. त्यावर फक्त आपण किती वाजता उठलो ते रबरी शिक्क्याने छापलेलं. चित्र काढायची तसदीच घेतली नाही. ती कार्डं आज संग्रहालयांत आहेत आणि मला बगळ्यांपेक्षा जास्त आवडतात.

जिथे टपालावर पाळत होती तिथे ही कला सर्वांत जिवंत होती. ब्राझीलमध्ये पाउलो ब्रुस्की आणि दानियेल सांतियागो यांनी 1976 मध्ये रेसिफे शहरात आंतरराष्ट्रीय पत्रकलेचं प्रदर्शन भरवलं, तेही चक्क पोस्टाच्या इमारतीत. उघडल्या उघडल्या पोलिसांनी ते बंद केलं आणि दोघांना आत टाकलं. उरुग्वेचा क्लेमेन्ते पादीन 1977 मध्ये पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी जगभरच्या पत्रमित्रांनी मोहीम चालवली. पूर्व जर्मनीत रूथ वोल्फ-रेहफेल्ट ही कचेरीत काम करणारी बाई टाइपरायटरच्या अक्षरांतून लाटा, पिंजरे, फुलपाखरं विणायची आणि त्याच्या प्रती सीमेपलीकडे पाठवायची. तिला स्वतःला सहज बाहेर जाता येत नव्हतं, तिची कार्डं जात होती. बर्लिनची भिंत पडली आणि तिने काम थांबवलं. आता गरज नाही, असं तिला वाटलं असावं. पुढे सत्तावीस वर्षांनी, 2017 च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात तिची कार्डं लागली तेव्हा कुठे कलाजगताला जाग आली.

या मंडळींनी एक अलिखित रीत पाळली: जे येईल ते सगळं लावायचं, निवड करायची नाही, शुल्क घ्यायचं नाही, भाग घेणाऱ्या प्रत्येकाला यादी पाठवायची. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस या संस्थेतल्या प्रदर्शनात आलेल्या कामांमधून निवड केली गेली, तर केवढा गदारोळ झाला. समीक्षक म्हणून मला ही रीत अडचणीची वाटते. निवड नाही म्हटल्यावर टाकाऊ माल ढिगाने येतो, आणि तसा तो आलाही. पण त्या रीतीत शिरलं की समीक्षकालाही कात्री ठेवून उत्तर लिहायला बसावं लागतं, हे मान्य.

आजचं चित्र वेगळं आहे. 2008 च्या सुमारास जपानमधल्या कुराशिकीच्या एका कारखान्याने रंगीत कागदी टेप बाजारात आणली. हाच कारखाना 1923 पासून माशा पकडायचा चिकट कागद बनवत होता! त्या ‘वाशी’ टेपने पत्रमित्रांचं जग बदललं. चित्र न येणाऱ्यालाही आता नेटकं पाकीट करता येतं, ही तिची मोठी कृपा. पण त्यामुळे नैरोबीचं पाकीट आणि नागपूरचं पाकीट एकाच दुकानातून आल्यासारखं दिसतं. तीच किनार, तीच सुकवलेली फुलं, तेच जुन्या पुस्तकाचं पान, तीच लाख. नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकमध्ये नऊ चिमुकली कार्डं भरलेली ‘पॉकेट लेटर’ उघडावी, तर आठ कप्प्यांत स्टिकर आणि नवव्यात पत्र, तेही चार ओळींचं. पाठवायच्या आधी त्याचा फोटो निघालेला असतो. शंभर जणांनी तो पाहून झाल्यावर ज्याचं त्याला मिळतं. मग शिक्क्याच्या शाईने पाकीट बिघडू नये म्हणून पिशवी येणारच.

2005 मध्ये पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या पोस्टक्रॉसिंगने लाखो लोकांना पुन्हा टपालपेटीकडे वळवलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तिथे आपण एकाला कार्ड पाठवायचं आणि भलत्याच कुणाकडून आपल्याला मिळायचं. ज्याला लिहिलं त्याचं उत्तर आलंच पाहिजे असं नाही. देणं-घेणं झालं, पत्रव्यवहार राहिला.

याच्या उलट टोकाला जपानचीच ‘एतेगामी’ आहे. कोइके कुनिओ यांनी ती लोकप्रिय केली. कुंचला अगदी वरच्या टोकाला धरायचा, म्हणजे रेघ थरथरते. एखादं वांगं, मुळा, पेरू काढायचा आणि बाजूला दोन शब्द. चांगलं येऊ नये हीच अट. आलेल्या एतेगामीला पिशवी नसते. पावसात भिजून तिचं वांगं फुटलं तरी बिघडत नाही.

आपल्याकडे नंदलाल बोस यांचं उदाहरण पुरेसं आहे. शांतिनिकेतनातून त्यांनी शिष्यांना, स्नेह्यांना साध्या कार्डांवर शाईने चित्रं काढून पाठवली. बैलगाडी, खारूताई, माळावरचं ताडाचं झाड. भारतात पोस्टकार्ड 1879 च्या जुलैत पाव आण्याला सुरू झालं. आज ते पन्नास पैशांना मिळतं. एवढ्या स्वस्त कागदावर आपल्या पत्रमित्रांचं लक्ष मात्र फारसं नाही. आंतरदेशीय पत्राच्या तीन घड्या आणि कडेच्या पट्ट्या, ज्यांवर आमच्या आया उरलेला मजकूर आडवा-उभा भरायच्या, तोही एक अस्सल देशी घाट आहे. त्यावर काम करणारा चित्रकार मला अजून भेटला नाही. आयात टेप मात्र घरोघरी.

दरम्यान ज्या वाटेवरून हे सगळं जातं ती वाटच अरुंद होते आहे. 2025 मध्ये आपली रजिस्टर पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्याआधी ऑगस्टअखेर अमेरिकेच्या नव्या जकात नियमांमुळे तिकडे जाणारं टपाल थांबलं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर सुरळीत झालं. माझी दोन पाकिटं तेवढे दिवस टेबलावर धूळ खात होती. डेन्मार्कच्या सरकारी टपालाने तर सुमारे चारशे वर्षांनी, 2025 च्या शेवटी, पत्रं वाटणं बंद केलं. ते काम आता एक खाजगी कंपनी करते. वाट अशी आखडली की माल जपून बांधायची बुद्धी होते. ती मी समजू शकते.

फिनलंडला उत्तर मी गेल्या आठवड्यात धाडलं. खाकी पाकीट, वर काळ्या शाईतला एक खंड्या, पत्ता त्याच्या पोटाखाली, पिशवी नाही. काउंटरवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

“मॅडम, शिक्का कुठे मारू? चित्र खराब होईल.”

“तिकिटावर मारा. बाकी पडेल तिथे पडू दे.”

त्यांनी दणकन मारला. अर्धा तिकिटावर, अर्धा खंड्याच्या चोचीवर. शाई फिकी उठली म्हणून पॅडवर दाबून आणखी एकदा मारला.