नांव आणि पुरावा

एडवर्ड मेरिक हे मार्लबरोचे शाळामास्तर. दूरदूरच्या संग्राहकांनीं, पुसा येथील फ्लेचर यांनींहि, सूक्ष्म पतंग धाडावे व मेरिक यांनीं त्यांस नांवें द्यावीं, या सहकारांतूनच ‘एक्झॉटिक मायक्रोलेपिडॉप्टेरा’ (१९१२–१९३७) उभा राहिला. त्यांतील हजारों वर्णनें नेटकीं आहेत. परंतु त्यांस चित्रांची जोड नाहीं. पतंगांच्या जननेंद्रियांची परीक्षाहि मेरिक यांनीं मानली नाहीं. मग सारख्याच करड्या पंखांच्या दोन जाती इतरांनीं ओळखाव्या कशा? क्लार्क यांनीं १९५५ पासून मेरिक यांच्या कित्येक मूळ नमुन्यांचीं जननेंद्रियांसह चित्रें छापलीं, तेव्हां कोठें पडताळा सुलभ झाला. नांव देणारा कितीहि थोर असो. सहाध्यायांस पडताळतां येईल तीच ओळख, असें आम्हांस वाटतें.