पित्ताला इंग्रजीत काय म्हणायचं?

आमच्या करमाळ्यात ‘पित्त झालंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: पोटातलं का अंगावरचं? पोटातलं म्हणजे आंबट ढेकर, मळमळ, ठणकणारं डोकं. अंगावरचं म्हणजे लाल गांधी, ज्यांना आमसुलाचं पाणी लावतात. शिवाय रागाच्या भरात खवळतं तेही पित्तच. इंग्रजी डिक्शनरीत मात्र या सगळ्याला एकच शब्द मिळतो: बाइल. यकृतातून येणारा हिरवट-पिवळा द्रव.

हे भाषांतर मला कधीच पटलं नाही. ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार ‘ह्यूमर’ होते. युरोपीय भाषांतरकारांनी आपले त्रिदोष त्याच खणांत बसवले आणि वात म्हणजे ‘विंड’, पित्त म्हणजे ‘बाइल’, कफ म्हणजे ‘फ्लेम’ झाला. आता वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ उघडा. तिथे पित्ताचे पाच प्रकार आहेत. पाचक पित्त अन्न पचवतं, पण आलोचक पित्त डोळ्यांत असतं आणि भ्राजक पित्त त्वचेत. डोळ्यांत बाइल असतं म्हटलं तर वाचणारा हसेल, आणि हसं आयुर्वेदाचं होईल.

दुसरी पद्धत दिसायला शहाणी आहे: जुन्या नावाच्या जागी सरळ आधुनिक आजाराचं नाव घालायचं. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, तमक श्वास म्हणजे अस्थमा. मी दवाखान्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला या पद्धतीची जास्त भीती वाटते. आमवातात ‘आम’ आहे, म्हणजे न पचलेल्याचा दोष. वैद्य पचनापासून विचार सुरू करतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान सांधे तपासून, रक्तातल्या अँटिबॉडीज पाहून होतं. एकाच्या जागी दुसरं लिहिलं की ते भाषांतर राहत नाही, ते निदान होतं. कुणीही न केलेलं निदान पेशंटच्या फायलीत जाऊन बसतं, आणि पुढचा डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो.

चिनी वैद्यकाच्या इंग्रजीवरून हेच भांडण झालेलं आहे. तिकडे डोळ्याच्या एका दुखण्याचं नाव शब्दशः ‘वारा-आग-डोळा’ असं आहे. त्याला ‘ॲक्यूट कंजंक्टिव्हायटिस’ म्हणा, असा एका बाजूचा आग्रह. १९९८ साली फेंग ये यांच्यासोबत चिनी वैद्यकाचा कोश काढणारे नायजेल वाइझमन दुसऱ्या बाजूचे: वारा आणि आग काढून टाकली तर वैद्य उपचार ठरवणार कशावरून? मला वाइझमन पटतात. ऐकायला विचित्र वाटलं तरी चालेल, पण मूळ विचार शाबूत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात चिनी परंपरेतून आलेल्या वैद्यकाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि २०२५ च्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध, युनानीचाही भाग आला. हे कोड ऐच्छिक आहेत, आधुनिक निदानाच्या कोडसोबत वापरता येतात. माझ्या भाषेत सांगायचं तर एका कॉलममध्ये दोन अर्थ कोंबण्याऐवजी दोन कॉलम केले. हे बरोबर केलं. त्याआधी, २०२२ साली, संघटनेने आयुर्वेदाचा प्रमाण संज्ञाकोशही काढला. त्यात इंग्रजी संज्ञा, तिचा खुलासा आणि शेजारी मूळ संस्कृत शब्द.

माझी तक्रार इथे सुरू होते. संस्कृत शब्द ठेवला की अर्थ सुरक्षित राहिला, असं गृहीत धरलंय. चिनी शब्द इंग्रज माणसाला परकाच असतो, त्यामुळे तो त्याचा अर्थ नव्याने शिकतो. पण वात, पित्त, कफ हे शब्द आपण रोज बोलतो, आणि बोलताना त्यांचे अर्थ सरकलेत. कोशातलं अम्लपित्त आणि शीतपित्त वैद्याला वेगळं कळतं. काउंटरवरची मुलगी पेशंटने सांगितलेलं ‘पित्त’ एवढंच टाइप करते.

पित्ताचा गोंधळ एखाद्या वेळी चालून जाईल. वाताचा नाही. ‘त्याने वात आणला’ म्हणजे वैताग दिला. गुडघा धरला तरी वातच. पण तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याबद्दल घरचे ‘वात झालाय’ म्हणतात, तेव्हा तो शुद्ध हरपून बरळत असतो, आणि त्याला तातडीने दवाखान्यात न्यायला हवं असतं. ‘वात’ टाइप केल्यावर जे सॉफ्टवेअर सांधेदुखीची यादी दाखवेल, त्याचा संस्कृत कॉलम अगदी अचूक असेल.