भाष्यावाचून संहिता

जुन्या कारखान्यांतील नियंत्रक यंत्रांच्या आज्ञावलींचा विचार आजवर बहुधा अभियंत्यांनीच केला आहे. वस्तुतः आज्ञावली हीही एक लिखित संहिता होय. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात वीज, कागद व सिमेंट यांचे कारखाने कित्येक दशके उभे आहेत. तेथे ती संहिता जाणणारा मनुष्य निवृत्त झाल्यावर काय उरते, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या कक्षेत येतो, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल सीमेन्स कंपनीची १९७९ साली आलेली 'एस-५' ही नियंत्रकमाला घ्यावी. तिची आज्ञावली जर्मन व इंग्रजी अशा दोन्ही संकेतांत वाचता येते. रोमन लिपीतील पहिले अक्षर जर्मन संकेतात 'आउसगांग', म्हणजे यंत्राकडे जाणारा निर्गम, दर्शविते. इंग्रजी संकेतात तेच अक्षर 'आणि' या अव्ययाचे काम करते. हा घोटाळा सुटण्याजोगा आहे, कारण आतील संहिता एकच. खरी हानी निराळीच. आज्ञावली लिहिणाऱ्याने जोडलेली नावे व टिपणे नियंत्रकाच्या स्मृतीत नसतात; ती त्याच्या फ्लॉपीवर राहतात. फ्लॉपी नष्ट झाली की यंत्रातून परत काढलेल्या संहितेत केवळ क्रमांक हाती येतात. समजा, कोळशाचा एक पट्टा चालू झाल्यावर दुसरा चालू होण्यापूर्वी बारा सेकंदांचा विलंब तीत आढळला. तो मूळ रचनेतला, की एखाद्या पावसाळ्यात ओला कोळसा चिकटू लागल्यामुळे मागाहून घातलेला प्रक्षेप? संहिता मूक आहे.

महानुभावांचे सकळ लिपीतील ग्रंथही बाहेरच्यांना असेच मूक होते. परंतु किल्ली पंथाच्या परंपरेत जिवंत होती. कारखान्यातील परंपरा म्हणजे ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांचे बोलणे. "बेल्ट ट्रिप झाला" आणि "स्विचला बायपास मारला" ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात घटना घडली. दुसऱ्यात ती कोणीतरी केली, आणि 'मारणे' या क्रियापदात त्याची घाईही उतरली. तारेच्या तुकड्याने टाळलेला सुरक्षा-स्विच नियंत्रकाला मात्र सदैव 'ठीक'च दिसतो. तो कर्ता केवळ बोलीत सापडतो.

नेमक्या याच बोलीकडे आमच्या विषयाने पाठ फिरविली आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी संज्ञा पुरविल्या, ते कार्य मोलाचेच. परंतु असे कोश प्राधान्याने नामांचे असतात, क्रियापदांचा हा व्यवहार त्यांत मावत नाही. बोलीअभ्यासकांनी शेती, नाती, लोकगीते यांवर परिश्रम घेतले. कारखान्याच्या दारातून आत गेलेली झाडीबोली त्यांना भेसळ वाटत असावी. (शेतातील बोली तरी निर्भेळ कोठे आहे?)

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचे १९८३ व १९८४ सालचे पहिले दोन संच निवृत्तही झाले. अशा यंत्रांवर आयुष्य घालविलेल्या कामगारांपैकी जे आज भेटू शकतात, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्यास एक विद्यार्थी व एक साधा फोन पुरेसा आहे. त्यात हिंदी व तेलुगू शब्द येतील. ते गाळू नयेत.