मराठी गूढ-भयकथा : प्रतीक्षा, परीक्षण आणि वऱ्हाडची भूमी

मराठीत नव्या भयकथेची वाट पाहण्याचा एक ठरलेला हंगाम असतो आणि तो दिवाळीचा होय. अनंत अंतरकर यांनी 'हंस' आणि 'मोहिनी' यांच्या जोडीने 'नवल' हे मासिक सुरू केले, तेव्हापासून अद्भुत व गूढ कथेला मराठीत स्वतःचे असे एक हक्काचे स्थान मिळाले. पुढे 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकाने रहस्य आणि भय यांचा वाचक वर्षानुवर्षे टिकवून धरला. हा वाचक संख्येने लहान नाही. ग्रंथालयातील नारायण धारप यांच्या पुस्तकांची झिजलेली पाने आणि सैल झालेल्या बांधण्या पाहिल्या तरी त्याची साक्ष पटते. मात्र या वाचकाच्या प्रतीक्षेला समीक्षेची साथ क्वचितच लाभली. नवी सामाजिक कादंबरी आली की नियतकालिकांतून तिची चर्चा होते; नवी भयकथा आली तर तिची जाहिरात होते, फार तर कथानकाचा सारांश छापला जातो आणि 'रात्री एकट्याने वाचू नये' असा शेरा मारला जातो. या शेऱ्याला परीक्षण म्हणणे कठीण आहे.

ही उपेक्षा केवळ अभिरुचीच्या भेदातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी कादंबरीचा प्रारंभ होत असताना 'मुक्तामाला' (१८६१) आणि त्यानंतरची 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कृती लोकप्रिय झाल्या. हरिभाऊ आपटे यांच्या उदयानंतर वास्तवाला प्रतिष्ठा मिळाली आणि अद्भुत हे बालिश, पलायनवादी ठरविले गेले. सुधारणेच्या काळात ही भूमिका समजण्याजोगी होती. तथापि ती पुढे सवय होऊन बसली. या सवयीला एक अपवाद मात्र घडला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली व ती पारितोषिकास पात्र ठरली. त्यानंतर विज्ञानकथेला सन्मानाचे दार उघडले. नारळीकर २०२१ मध्ये नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणारे आणि स्वतः विज्ञानाचे पदवीधर असलेले धारप (१९२५–२००८) यांच्या वाट्याला असा सन्मान आला नाही. अद्भुताला प्रयोगशाळेचा अंगरखा चढविला की ते मान्य आणि स्मशानाचा चढविला की अमान्य, असा हा न्याय आहे.

समीक्षेची दुसरी अडचण परिभाषेची आहे. 'गूढकथा', 'भयकथा', 'अद्भुतकथा', 'कल्पनारम्य कथा' हे शब्द मराठीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वास्तविक भरताच्या रसविचारात भयानक आणि अद्भुत हे दोन स्वतंत्र रस असून पहिल्याचा स्थायीभाव भय, तर दुसऱ्याचा विस्मय आहे. भयात मन आक्रसते आणि विस्मयात ते विस्तारते. त्झ्वेतान तोदोरोव याने १९७० मध्ये या प्रकाराची मीमांसा करताना वाचकाच्या द्विधा अवस्थेवर भर दिला. घडलेली घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे जोवर ठरत नाही तोवरच अद्भुत टिकते, असे त्याचे म्हणणे आहे. या दोन्ही विचारांचा आधार घेतला तर मराठीतील तीन प्रमुख लेखकांतील भेद स्पष्ट होतो.

धारपांच्या कथेत द्विधा फार काळ टिकत नाही. अमंगळ शक्ती खरी आहे हे लेखक लवकर मान्य करून टाकतो. मग प्रश्न उरतो तो तिच्याशी झुंज कशी द्यावयाची एवढाच. 'समर्थ' मालिकेत तर या झुंजीचा निकालही बहुधा आधीच ठरलेला असतो. संकटग्रस्त कुटुंबाच्या मदतीला एक अधिकारी पुरुष येतो, तो जाणतो, उपाय करतो आणि घर शांत होते. या रचनेचे वाचकाला वाटणारे आकर्षण नाकारता येत नाही, कारण ती भयाबरोबर दिलासाही देते. धारपांचे खरे सामर्थ्य मात्र या उपायात नसून उपायापूर्वीच्या पानांत आहे. मध्यमवर्गीय घर, ओळखीची माणसे, रोजचा व्यवहार आणि त्यात हळूच शिरलेली एखादी विसंगती यांचे त्यांचे चित्रण विलक्षण संयमी आहे. स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांवरून त्यांनी 'लुचाई' आणि 'शपथ' लिहिल्या. अमेरिकेतील मेन राज्याच्या गावातील भय त्यांनी मराठी आळीत आणले. हे केवळ भाषांतर नाही आणि उसनवारी म्हणून त्याची बोळवण करणेही योग्य नाही. परक्या भयाला मराठी घराचा उंबरठा कसा ओलांडता येतो, याचा हा मोठा प्रयोग आहे.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत भुतापेक्षा माणूस अधिक भयावह असतो. अपराधाची जाणीव, मत्सर, एकटेपणा यांना तेथे आकार प्राप्त होतो आणि तो आकार बाहेरचा की मनातला, हे वाचकाला शेवटपर्यंत निश्चित सांगता येत नाही. तोदोरोवची कसोटी मराठीत कोणाला लावावयाची झाल्यास ती मतकरींना प्रथम लावावी लागेल. जी. ए. कुलकर्णी यांचा मार्ग याहून वेगळा. 'रमलखुणा'मधील (१९७५) 'प्रवासी' व 'इस्किलार' या कथा नकाशावर न सापडणाऱ्या प्रदेशात घडतात. तेथे भय आहे, पण प्रधान आहे तो विस्मय, आणि तोही नियतीपुढे निःशब्द करणारा. जी. एं.ची चर्चा समीक्षेने उदंड केली हे खरे. परंतु ती करताना ते अद्भुताचे लेखक आहेत ही गोष्ट जणू बाजूला ठेवली. त्यांना रूपककथाकार म्हटले की धारपांच्या शेजारी बसविण्याचा प्रश्नच उरत नाही! ही सोय समीक्षेची आहे, साहित्याची नव्हे.

अलीकडच्या काळात या प्रवाहाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले ते चित्रपटामुळे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देते आणि त्यातील आजीचा धागा धारपांच्या 'आजी' या कथेकडे जातो. ती कथाही पुन्हा किंग यांच्या एका कथेकडे निर्देश करते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हा चित्रपट पुनःप्रदर्शित झाला, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. कोकणातील पाऊस, पडका वाडा आणि माणसाची हाव यांतून निर्माण झालेले हे भय हिंदी भाषेतून देशभर गेले. मराठी परंपरेचे हे यश आहेच, पण त्यातच एक मर्यादाही दडलेली आहे. मराठी भयाचा भूगोल फार अरुंद आहे. कोकणातला वाडा, पुण्यातला जुना बंगला, मुंबईतली बंद खोली यांच्या पलीकडे तो फारसा जात नाही.

या ठिकाणी बुलडाणा जिल्ह्याचा विचार उपयुक्त ठरतो. या जिल्ह्याची साहित्यिक ओळख वास्तवाची आहे. 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. शेतकऱ्याच्या कोंडीचे चित्रण करणारी सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी याच मातीतली. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांनी भावकविता दिली. भयकथेने मात्र या जिल्ह्याकडे जवळजवळ पाठ फिरविली आहे. आणि आश्चर्य असे की, अद्भुताची सामग्री येथे पावलोपावली विखुरलेली आहे.

लोणारचे सरोवर हे त्याचे पहिले उदाहरण. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बसाल्ट खडकात उल्काघाताने तयार झाले. त्याच्या वयाविषयीचे अंदाज पन्नास हजार वर्षांपासून पाच लाखांहून अधिक वर्षांपर्यंत पसरलेले आहेत. लोककथेत मात्र ते लवणासुराचे घर आहे. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याच्या भूमिगत गुहेचे झाकण उडविले आणि त्याचा वध केला, अशी ती कथा. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर, विवराच्या आतील कमळजा देवीचे स्थान, 'लीळाचरित्रा'त येणारे लोणार, अशी स्मृतीची पुटे एकावर एक चढलेली आहेत. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुढे संशोधनातून स्पष्ट झाले. परंतु कारण कळण्यापूर्वीचे जे दिवस होते, त्या दिवसांत टाळेबंदीने ओस पडलेल्या काठावर लाल पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनात असुराच्या रक्ताची कथा उभी राहिली नसेल काय? तोदोरोवने वर्णिलेली द्विधा अवस्था ती हीच. कथाकाराला याहून अधिक काय हवे असते, हे समजत नाही.

दुसरे उदाहरण जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळचे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडला जातो. अठरा प्रकारची धान्ये, मधोमध चार ढेकळांवर घागर, तिच्यावर पुरी, पापड, करंजी आणि पानसुपारी अशी ही मांडणी असते. ढेकळे पावसाळ्याचे चार महिने, पुरी म्हणजे पृथ्वी, पानसुपारी म्हणजे राजा. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. पहाटे घटात झालेले बदल पाहून पाऊस, पीक आणि राजसत्ता यांचे भाकीत सांगितले जाते. भाकीत खरे ठरते किंवा नाही हा विवेकवादी चर्चेचा विषय होय, आणि ती चर्चा व्हावयासच हवी. कथेच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची आहे ती मधली रात्र. निर्जन शेत, धान्याचे दाणे आणि दाणा नेमका कोणी हलविला हा प्रश्न. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे भवितव्य त्या दाण्यावर अवलंबून आहे असे क्षणभर मानले की भयकथेला 'बारोमास'च्या वास्तवाशी नाते जोडता येते.

तिसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला सर्व धर्मांचे भाविक दुरून येतात. 'बाधा' झाली अशी समजूत असलेल्या माणसांनाही त्यांचे नातेवाईक येथे घेऊन येतात. त्यांतील अनेक जण मनोरुग्ण असतात आणि त्यांत स्त्रिया असतात. अंगात येणे, घुमणे, किंचाळणे ही दृश्ये या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलेली असतात. म्हणून नव्या भयकथेचे परीक्षण बुलडाण्यात बसून करणे आणि पुण्यात बसून करणे यांत फरक पडतो. पुण्याच्या वाचकाला झपाटलेली सून ही एक कल्पना आहे, तर येथील वाचकाच्या शेजारच्या घरात ती राहते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा संमत झाला. या पार्श्वभूमीवर भयकथा अंधश्रद्धेला खतपाणी घालते असा आक्षेप वारंवार घेतला जातो. हा आक्षेप सरसकट मान्य करता येत नाही. कायद्याने निषिद्ध ठरविली ती माणसाला इजा करणारी, लुबाडणारी कृती. कल्पनेतील भूत त्याच्या कक्षेत येत नाही, येऊही नये. 'अलबत्या गलबत्या'तील चेटकिणीला पाहून हसणारी मुले मोठेपणी कोणा विधवेला चेटकीण म्हणतीलच, असे मानणे म्हणजे रंगभूमीचा अपमान होय.

असे असले तरी आक्षेपाचा एक अंश उरतो आणि तो समीक्षेने गंभीरपणे घ्यावयास हवा. प्रश्न भूत खरे मानले किंवा नाही हा नसून भुताला शरीर कोणाचे दिले हा आहे. पुष्कळशा मराठी भयकथांत अमंगळ शक्तीचे वाहन एकटी बाई असते, अपत्यहीन स्त्री असते, गावकुसाबाहेरचा मांत्रिक असतो. उद्धारक मात्र बहुधा सुशिक्षित, सुस्थित पुरुष असतो. ज्या स्त्रीला प्रत्यक्षात उपचाराची गरज आहे तिच्या किंकाळीला कथा केवळ वातावरणनिर्मितीसाठी वापरते, तेव्हा तो दोष नैतिक तर असतोच, पण कलात्मकही असतो. कारण त्या पात्राला आतून पाहण्याचे लेखकाने नाकारलेले असते. मतकरींच्या कथा या कसोटीवर अधिक टिकतात. धारपांच्या सर्वच टिकत नाहीत, हे त्यांच्याविषयी आदर ठेवूनही म्हणावे लागते.

तेव्हा येत्या दिवाळीत अथवा त्यानंतर एखादा नवा गूढकथासंग्रह हाती येईल, त्या वेळी परीक्षकाने 'भीती वाटली का' एवढेच विचारून थांबू नये. भीती त्या भूमीतून उगवली आहे की पडक्या वाड्याचे तयार नेपथ्य तेवढे उभारले आहे, हे पाहावे. द्विधा कोणत्या पानावर संपली आणि ती कोणी संपविली, कथेच्या ओघाने की ऐनवेळी अवतरलेल्या अधिकारी पुरुषाने, हे तपासावे. आणखी एक गोष्ट भाषेची. वऱ्हाडीचा वापर मराठी कथेत, रंगभूमीवर व चित्रपटांत बहुतांशी विनोदासाठी झाला. या बोलीत भीती कशी बोलते, याची उदाहरणे छापील साहित्यात शोधावी लागतात. मात्र मेहकर, चिखली, मोताळा या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडे ती भाषा अद्याप आहे. विहिरीवरच्या 'आसरा', पिंपळावरचा मुंजा, रात्री बांधावर भेटणारा अनोळखी वाटसरू यांच्या गोष्टी त्या हसतखेळत सांगत नाहीत, आवाज खाली आणून सांगतात. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून या गोष्टींचे ध्वनिमुद्रण करवून घेतले, तर लोकसाहित्याच्या अभ्यासकाला सामग्री मिळेलच. शिवाय भयकथा लिहू पाहणाऱ्या येथील एखाद्या तरुणाला आपली वाक्ये कोणत्या आवाजात लिहावयाची हेही कळेल.