पँथरचा आवाज आणि यंत्राचा गोंगाट

'अल्जिअर्स' हे नाव घेणाऱ्या वाद्यवृंदाकडून श्रोत्याने अपेक्षा बाळगली तर ते गैर नाही. वसाहतविरोधी लढ्याशी ज्यांनी नावानेच नाते जोडले, त्यांच्या गाण्यात तो लढा कितपत उतरला हे तपासलेच पाहिजे. अमेरिकेतील अटलांटा शहरात मुळे असलेल्या या रॉक वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम, 'द अंडरसाइड ऑफ पॉवर', मॅटाडोर कंपनीने जून २०१७ मध्ये काढला.

फ्रँकलिन जेम्स फिशर हा काळा गायक. त्याच्या गळ्यात चर्चमधले गॉस्पेल आहे. भोवती मात्र कारखान्यातल्यासारखे ठोके आणि कर्कश गिटार. प्रार्थनेचा सूर घ्यायचा आणि जाब मात्र सत्तेला विचारायचा, ही या संगीताची खरी ताकद. तमाशाचा घाट घेऊन त्यातली गण-गवळण टाकणारे आंबेडकरी जलसे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही रीत परकी वाटू नये.

पहिल्याच गाण्याच्या आरंभी फ्रेड हॅम्प्टनच्या भाषणाचा तुकडा येतो. हॅम्प्टन हा ब्लॅक पँथर पक्षाचा इलिनॉय राज्यातील नेता. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी घरात घुसून त्याला ठार केले, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. १९७२ साली मुंबईत ज्यांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, त्यांच्या वारसांच्या अंगावर हा आवाज ऐकून काटा येईल. परंतु माझा आक्षेप इथेच आहे. मुलांना सकाळची न्याहारी देणे, गरीब गोऱ्यांशी आणि पोर्टो रिकन तरुणांशी आघाडी उभारणे, हे हॅम्प्टनचे काम होते. भाषणाच्या तुकड्यात ते मावत नाही. श्रोत्याच्या वाट्याला येते ती डरकाळी. आणि डरकाळी विकणे कोणत्याही कंपनीला जड जात नाही.

शीर्षकगीतात मोटाउनचा ठेका आहे, पाय थिरकतात. त्यात वाईट काय? विद्रोह खरखरीतच असावा, हा आमच्या काही समीक्षकांचा हट्ट आहे.

'क्लीव्हलँड' हे गाणे मात्र सर्वांत सच्चे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्या शहरात खेळण्यातली बंदूक घेऊन फिरणाऱ्या तामिर राइस या १२ वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली. या गाण्याच्या मुळाशी ती हत्या आहे. मध्येच इतर मृतांची नावे उच्चारली जातात, कुठल्याही विशेषणाविना. अभ्यासमंडळात हा अल्बम ऐकवायचा तर हे गाणे आधी लावावे. पँथरचे नंतर, हॅम्प्टनचे मूळ भाषण हाताशी ठेवून.