मांडीवरचें पुस्तक

लहान मुलांसाठीं चित्रांचें पुस्तक निवडणें म्हणजे अगदीं सोपें काम, अशी आपल्या सुशिक्षित घरांतून समजूत दिसते. कागद जाड आहे, रंग भडक आहेत व शेवटीं तात्पर्य दिलें आहे, एवढें पाहिलें कीं झालें! कादंबरी घेतांना चार टीकाकारांचीं मतें विचारणारे गृहस्थ दोन वर्षांच्या नातीसाठीं पुस्तक घेतांना त्यांतील एक पानही मोठ्यानें वाचून पाहत नाहींत. जें पुस्तक एकानें वाचावयाचें व दुसऱ्यानें ऐकत ऐकत पाहावयाचें, त्याची परीक्षा मुखपृष्ठावरून कशी व्हावी?

या वाङ्मयप्रकाराचें मर्म जाणावयाचें असल्यास पॅट हचिन्स या इंग्रज लेखिकेनें स्वतःच चित्रें काढून १९६८ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘रोझीज वॉक’ पाहावें. त्यांत शब्द अवघे ३२. रोझी नांवाची कोंबडी वाडीभर फेरफटका मारून जेवणाच्या वेळेस घरीं परतते, इतकेंच ते शब्द सांगतात. चित्रांत मात्र एक कोल्हा तिच्या पाठीमागें आहे. तो झडप घालावयास जातो आणि दर खेपेस फसतो. कधीं दांताळें तोंडावर आदळतें, कधीं तो तळ्यांत पडतो, कधीं अंगावर पीठ कोसळतें. शब्दांत या कोल्ह्याचा उल्लेखच नाहीं. वाचणाऱ्या आजोबांना जणूं तो दिसतच नाहीं. मांडीवरच्या मुलाला दिसतो. ज्याला घरांत सर्वजण शिकवितात, तें मूल येथें वडील माणसाहून अधिक जाणतें होतें. हा मान मुलाला देणें, हेंच आमच्या मतें उत्तम चित्रपुस्तकाचें लक्षण होय. शब्दांत आंबा आणि चित्रांतही आंबाच, असलें पुस्तक नांवें शिकविण्यास उपयोगी खरें. पण त्यांत मुलानें सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

दीड वर्षाच्या मुलाला कोल्ह्याची गंमत उमगेलच असें नाहीं. त्याच्यासाठीं एरिक कार्ल यांचें ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) आहे. सुरवंटानें खाल्लेल्या फळांना त्यांत खरोखरच भोंकें पाडलेलीं आहेत. वाचणारा फळें मोजतो, तोंवर मुलाचें बोट त्या भोंकांतून फिरून येतें. शब्दाविना दिलेला तोही एक हुंकारच.

हीं पुस्तकें परभाषेंतलीं, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु मुलाला वांटा देण्याची ही रीत आपल्याला नवी नाहीं. चिमणी-कावळ्याच्या गोष्टींत तेंच तेंच बोलणें फिरून येतें, तें मुलाला आपल्याबरोबर म्हणतां यावें म्हणूनच. मराठींत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालेंत छोटी राधा घरच्या माणसांची ओळख आपल्याच शब्दांत करून देते. शब्द व चित्रें दोन्ही एकाच हातचीं. तीं वाचतांना वडिलांना उपदेशकाचा आवाज काढावा लागत नाहीं.

तेव्हां आमची सूचना इतकीच. विकत घेण्यापूर्वीं दोन पानें दुकानांतच हळूं आवाजांत वाचावीं. जीभ अडखळली तर पुस्तक खालीं ठेवावें. मग शब्द झांकून नुसतीं चित्रें पाहावीं. तीं शब्दांपलीकडचें कांहीं सांगत असलीं तर खुशाल घ्यावें. मूल तेंच पुस्तक शंभर वेळां मागणार आहे. तात्पर्य पहिल्याच वाचनांत संपतें. कोल्हा शंभराव्या खेपेसही मागें असतोच.